मी मध्ये का बोलत नाही

“काहून गप्प आहे हा? तूच सांगून टाक ना!” धरमपेठेतल्या लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे हेच. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहिते. मी सांगून टाकत नाही, कारण उत्तर माझ्या मुलाजवळ असतं. फक्त वेळ लागतो.

त्याला विकासात्मक भाषा विकार आहे, डीएलडी. शंभरात साधारण ७ मुलांना असतो. कान तपासलेत, ऐकू नीट येतं. घरी मराठी, खाली हिंदी, शाळेत इंग्रजी म्हणून गोंधळला, असंही नाही; जास्त भाषांमुळे हा विकार होत नाही. ऐकलेलं वाक्य धरून ठेवायचं, अर्थ लावायचा, मग स्वतःचे शब्द शोधून जुळवायचे, हे त्याचं आपल्यासारखं झटकन होत नाही. मध्येच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला, की बिचारा पुन्हा पहिल्यापासून.

चौथीची तोंडी परीक्षा. पालकांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. “नागपूरला पाणी कुठून येतं?” तो बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. बाई मायाळू, त्यांनी सोपं करून दिलं, “आपल्या नळाला कोणत्या धरणाचं पाणी येतं रे?” मग आणखी सोपं, “धरणाचं नाव सांग.” त्याची बोटं शर्टाचं खालचं बटण फिरवत होती. म्हणजे उत्तर जुळत होतं, मला दिसत होतं. बाईंनी प्रश्न सोडला. “बरं, शहरातून कोणती नदी वाहते?” तेव्हा तो खणखणीत बोलला, “पेंच!” वर्ग हसला. “अरे, नाग नदी. नावातच आहे ना!” पहिल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर ठरलं, आणि दोन्हीकडे शून्य. घरी येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

बाई म्हणाल्या, एवढ्या मुलांत थांबायचं तरी किती? खरं आहे. पण अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतून मोजलं होतं: प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबत. ३ सेकंद थांबले, तर सगळ्याच मुलांची उत्तरं लांबत, सुधारत. माझ्या मुलाला ३ पुरत नाहीत, हेही सांगते.

पूर्वीची मी, जी त्याच्या वतीनं भराभरा बोलायची, ती अजून भांडते माझ्याशी. तिकिटाच्या खिडकीवर कोण थांबणार आहे त्याच्यासाठी? तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही.

तुम्ही मात्र भेटाल तेव्हा प्रश्न छोटा विचारा, एकदाच. पुन्हा विचारावाच लागला तर त्याच शब्दांत. आणि तोवर माझ्याकडे नका बघू, त्याच्याकडे बघा.