सागाच्या पानावरची जाळी

ललिता पंचमी, रात्री साडेअकरा

दुपारी तात्यांचा फोन आला आणि फवारणीचा पंप शेजाऱ्याकडून मागून घेतला आहे, आता औषध कोणते आणायचे तेवढे सांग, असे ते म्हणाले. संध्याकाळी बघून सांगते, एवढेच बोलून मी फोन ठेवला. त्यानंतर त्र्यंबोलीच्या टेकडीवरून परतणाऱ्या गर्दीतून घरी येईपर्यंत माझे कशातच लक्ष नव्हते. तो पंप माझ्या एका वाक्यामुळे आला आहे.

गेल्या रविवारी पन्हाळ्याच्या बाजूच्या त्या बांधावर आम्ही उभे होतो. सागाची पाने करपल्यासारखी तपकिरी दिसत होती आणि खालच्या फांदीवर एक लहान पतंग पंख पसरून बसला होता. ‘ह्यो कोण गं?’ असे तात्यांनी विचारले आणि मी क्षणभरही न थांबता ‘हिब्लिया प्यूएरा, सागाची पाने खाणारा पतंग’ असे उत्तर दिले. सागावर पतंग दिसला म्हणजे तोच असणार, असे वाचनामुळे मनात पक्के बसले होते. तेवढ्यावर थांबले असते तरी चालले असते, पण नीलांबूरच्या लागवडीत केरळ वन संशोधन संस्थेने केलेला अभ्यासही मी ऐकवला: ४ ते ८ वर्षांच्या सागाची लाकडाची वाढ या अळीमुळे सुमारे ४४ टक्के कमी झाली होती. तात्यांची झाडे सहा वर्षांची आहेत. त्यांनी खिशातली वही काढून नाव आणि आकडा दोन्ही लिहून घेतले. लिहिताना त्यांनी एकदा झाडाकडे पाहिले होते, हे मला आज आठवते आहे.

तो पतंग मी काचेच्या बरणीतून घरी आणला होता आणि चार दिवस ती बरणी कपाटावर तशीच पडून होती, कारण नाव तर आधीच सांगून झाले होते. आज फोननंतर ती उतरवली. पतंग मेला होता. टाचणीने पुढचा पंख हलकेच बाजूला सारून मी ट्यूबलाइटखाली पाहिले. हिब्लियाचा पुढचा पंख वाळक्या पानासारखा राखी-तपकिरी असतो आणि बसल्यावर त्याखाली मागचा पंख पूर्ण झाकला जातो. त्या मागच्या पंखावर काळ्या रंगात नारिंगी-पिवळे पट्टे असतात आणि ओळख पटवायची ती त्यांच्यावरून. येथे पट्ट्यांचा मागमूस नव्हता. मागचा पंख फिकट पिवळसर होता, पुढच्या पिवळ्या पंखावर तांबूस नागमोडी रेघा होत्या, आणि दोन्ही पंख पसरून मोजले तर पुरते अडीच सेंटिमीटरही भरले नाहीत. हिब्लिया तीन ते चार सेंटिमीटरचा, अंगाने जाड असतो. हा युटेक्टोना मॅकेरॅलिस होता. सागावरचाच, पण दुसरा.

मुळात पतंगाकडे न पाहता पानाकडे पाहिले असते तरी कळले असते. हिब्लियाची अळी कोवळ्या पानाची कड कापून दुमडते, रेशमाच्या धाग्याने शिवते आणि त्या घडीत राहून पान खात जाते. जोर असला की मोठ्या शिरा तेवढ्या उरतात. ती येते पावसाच्या सुरुवातीला, नवी पालवी असताना. युटेक्टोनाची अळी निबर पानावर विरळ जाळे विणून त्याखाली बसते, फक्त हिरवा गर खाते आणि बारीकसारीक सगळ्या शिरा शाबूत ठेवते, त्यामुळे पान उन्हाकडे धरले तर पिठाच्या चाळणीसारखे दिसते. त्या दिवशी बांधावरचे प्रत्येक पान चाळणीसारखे होते. ते माझ्या समोर होते आणि मी आकडे सांगत होते.

पतंग, फुलपाखरे, कोळी यांच्याबद्दल मला कोणी काही विचारत नाही. घरात तर नाहीच. इतक्या वर्षांत एका माणसाने मनापासून विचारले, वही काढून विचारले, आणि त्याच्या हाती मी चुकीचे नाव दिले. आक्का असती तर हे सगळे मी तिला सांगितले असते. मग ती... असो. मला चुकल्याचे तितके वाईट वाटत नाही. मी पाहिलेच नाही, याचे वाटते. टाचणीचे हे काम दहा मिनिटांचे होते. ते मी चार दिवस केले नाही आणि त्या चार दिवसांत एक म्हातारा माणूस आपल्या झाडांचे निम्मे लाकूड गेले असे समजून झोपत होता.

साडेआठला धीर करून फोन लावला. नाव चुकले, औषध आणू नका, असे आधी सांगून टाकले. मग हेही सांगितले की त्याच नीलांबूरच्या अभ्यासात जाळी करणाऱ्या अळीमुळे वाढीत लक्षणीय घट आढळली नव्हती. ही अळी हंगामाच्या शेवटी येते, तेव्हा पानाचे बरेचसे काम झालेले असते आणि थोड्या दिवसांनी ते गळणारच असते. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला वाटलंच हुतं. कोवळं पान खाणारी अळी पाऊस लागल्या लागल्या येती. ही तर घट बसायच्या टायमाला आलीया. पर तू शिकल्याली, म्हणून म्या गप बसलो.’

हे ऐकून मला रडू येईल असे वाटले होते, पण आले नाही. उलट छातीवरचे काहीतरी उतरले. त्या दिवशी झाडाकडे पाहिले ते त्यांनी, आणि माझ्या नावाखाली आपले पाहणे दाबून ठेवले तेही त्यांनीच. पुढच्या वेळी त्यांना आधी विचारायचे, इतके तर माझ्या हातात आहे. नवे नाव मी दोनदा सावकाश सांगितले. जुने नाव खोडू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले: ती अळीही त्यांच्या झाडांवर मृगाच्या आसपास येऊ शकते आणि तेव्हा कोवळ्या पानांच्या घड्या पाहाव्या लागतील. त्यांनी ते शेजारी लिहून घेतले असावे, कारण पेन्सिल थांबेपर्यंत फोनवर काही ऐकू आले नाही.

वहीच्या मागच्या पानांत त्यांनी तीन जाळीची पाने दाबून ठेवली आहेत, रविवारी दाखवतो म्हणाले. त्यातल्या एकावर अळीने विणलेले जाळे तसेच आहे आणि आत एक कोष आहे.