दुपारी परत येता येईल अशी खोली

"तुम्ही दोघं दरवर्षी मुंबईला जाता, ते राहता कुठे?" हा प्रश्न मला सांगलीत भाजी घेतानासुद्धा विचारला जातो. विचारणाऱ्यांत दोन जाती आहेत. पहिलीला खरंच पत्ता हवा असतो: शनिवार-रविवार, दोघंच, खिसा बेताचा, पण खोली जरा बरी वाटावी, लक्षात राहावी. दुसऱ्या जातीला पत्ता नको असतो. मुलुंडला सख्खी नणंद असताना ही दोघं लॉजवर का राहतात, एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं.

दुसरीचं आधी उरकते. 'लॉज' हा शब्दच आपल्याकडे बदनाम. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "घरचं माणूस असताना लॉजवर?" मी म्हटलं, "आई, टिळकसुद्धा मुंबईत सरदारगृहात उतरायचे." हे खरं आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह म्हणजे राहण्या-जेवणाची सोय असलेली जागाच होती, आणि १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले ते तिथल्याच खोलीत. सासूबाई क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते काय बायकोला घेऊन गेले होते का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. नणंद माझी चांगली आहे. पण तिच्या दारात चपला काढल्या की माझा नवरा दादा होतो आणि मी वहिनी. मग आम्ही दोघं म्हणून काही उरत नाही. ती आपली बेडरूम आम्हाला देऊन स्वतः हॉलमध्ये झोपते, ते आणखी वाईट.

आता पत्त्याचं. पहिल्या वर्षी आम्ही चुकलो, ते सांगते, कारण तुम्हीही बहुतेक तिथेच चुकणार आहात. ॲपवर फोटो बघून अंधेरी पूर्वेला एक हॉटेल घेतलं. नवं कोरं, स्वस्त, पलंगावर टॉवेलचा हंस. हंस पाहून मी हुरळले. पण आम्हाला बघायची होती दक्षिण मुंबई. सकाळी स्लो लोकलने पाऊण-एक तास करून चर्चगेटला उतरलो, दुपारी एकपर्यंत हिंडलो, आणि पाय तुटले. आता कुठे टेकायचं? खोली अंधेरीला. तिथे जाऊन परत यायचं म्हणजे दिवसच संपला. मग एका थंडगार दुकानात आम्ही चाळीस मिनिटं नको असलेले शर्ट बघत उभे राहिलो, फक्त एसीसाठी. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी लोकल बंद. भांडण झालं ते पुलावर, कुठल्या प्लॅटफॉर्मवर जायचं यावरून. मुद्दा प्लॅटफॉर्मचा नव्हता, झोपेचा होता.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे: दुपारी चालत परत येता येईल अशी खोली घ्यायची. बाकी सगळं मागाहून. मुंबईत दोघांनी फिरायचं म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ. एक ते चार हे शहर घामाने आणि हॉर्नने भरलेलं असतं. त्या वेळात खोलीवर येऊन आंघोळ करावी, पंखा लावून आडवं व्हावं, पाच वाजता ताज्या कपड्यात बाहेर पडावं. लग्नाला चौदा वर्षं झालेल्या माणसांना दार लावून मिळालेली एक दुपार म्हणजे काय चीज असते, ते घरी क्लासला जाणारी दोन मुलं असलेल्यांनाच कळेल. जास्त खोलात जात नाही.

"आता मेट्रो झाली की" असं हल्ली ऐकवतात. झाली, आणि चांगली झाली. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, हुतात्मा चौकाला स्टेशन आहे. पण दुपारच्या झोपेसाठी कोणी मेट्रो पकडत नाही. आणि बेटावरच्या मुंबईत रिक्षा येत नाही हेही बाहेरगावची माणसं विसरतात. वांद्र्याच्या आणि सायनच्या दक्षिणेला टॅक्सी, बस नाही तर पाय.

म्हणून आमचा नकाशा छोटा आहे: फोर्ट, काळा घोडा, कुलाबा, चर्चगेट. भाडं उपनगरापेक्षा जास्त पडतं हे कबूल. पण आमचा हिशेब असा असतो. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं, रविवारी रात्री तीच गाडी धरायची. हातात दोन पूर्ण दिवस येतात आणि खोलीचं भाडं एकाच रात्रीचं. दोन रात्रींचे पैसे एका रात्रीवर लावले की फोर्टातली खोली परवडते. आम्ही करासकट चार हजारांच्या आत बसवतो. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, आधी १२ होता. कोणी जुन्या दराने लावला तर विचारा.

गोम एकच. गाडी पोचते साडेसातच्या सुमारास आणि खोली मिळते बाराला, कुठे दोनला. रविवारी बाराला ती सोडायची आणि गाडी आठनंतर. म्हणून फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, बॅगांचा असतो: "सकाळी येऊन बॅगा ठेवल्या तर चालतील ना? आणि रविवारी संध्याकाळपर्यंत?" जिथे हा प्रश्न ऐकून माणूस कुरकुरतो तिथे आम्ही जात नाही. दुसरा प्रश्न, चेकआउट बाराचं आहे की चोवीस तासांचं. काही जुन्या लॉजांत अजून चोवीस तासांची पद्धत आहे. तिथे दुपारी दोनला खोली घ्यायची, म्हणजे रविवारची दुपारही थोडीफार आपली.

बॅगा टाकल्या की धोबीतलावला कयानीत बनमस्का आणि चहा. हे १९०४ पासूनचं इराण्याचं दुकान, लाकडी खुर्च्या, चौकटींचे टेबलक्लॉथ आणि त्यावर काच. आंघोळ न केलेल्या माणसाकडे तिथे कोणी वळून बघत नाही.

खोलीत 'जरा काहीतरी' हवं म्हणतात, त्याबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. 'हेरिटेज' हा शब्द पाटीवर असेल तर त्याचे हजार रुपये जास्त लागतात आणि कधीकधी त्याचा अर्थ गरम पाणी आठ ते दहा एवढाच असतो. मला जे हवं असतं ते या भागातल्या साध्या लॉजांतही सापडतं, कारण इमारतीच जुन्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरचं लॉज, खाली वकिलाचं ऑफिस, वर कुणाचं तरी राहतं घर. सरकत्या जाळीची लिफ्ट, तिच्यात स्टुलावर बसलेले काका. लिफ्ट हळूहळू चढते आणि प्रत्येक मजल्याचं थोडं थोडं आयुष्य जाळीतून दिसतं: एक तुळस, एक सायकल, फायलींचे गठ्ठे. खोलीत उंच छत, लांब दांड्याचा पंखा, पायाखाली नक्षीच्या जुन्या फरशा. हे सगळं फुकट मिळतं. फक्त कोणी त्यावर प्लायवूड ठोकून 'डिलक्स' केलेलं नसावं.

पण जुनेपणाच्या नावाखाली ढेकूण खपवून घेऊ नका. खोलीत शिरल्यावर मी पहिल्यांदा गादीची शिवण उलटून बघते, नवरा नळ सोडून बघतो, आणि मग आम्ही "छान आहे" म्हणतो.

खिडकी हा खरा सौदा. फोर्टातल्या स्वस्त खोल्यांपैकी कितीतरी आतल्या चौकात उघडतात, म्हणजे समोर पाइप आणि कबुतरं. काहींना खिडकीच नसते. फोटोत पडदा असतो, पडद्यामागे भिंत. एकदा मी तसा पडदा हौसेने सरकवलाय. त्यामुळे विचारायचं, "खिडकी रस्त्यावर उघडते का?" आणि ॲपवर न घेता ॲपवर बघून थेट फोन करायचा. खोली निवडता येते, आणि कधी दरही खाली येतो. फोर्टचा भाग कामाच्या माणसांवर चालतो, ती शनिवारी रात्री मुक्कामाला नसतात.

तिसरा प्रश्न नवऱ्याने विचारावा असं मी दरवर्षी सुचवते आणि तो दरवर्षी लाजतो. या लॉजांतला 'डबल बेड' म्हणजे पुष्कळदा दोन सिंगल पलंग जोडून वर एक चादर. रात्री कधीतरी ते सरकतात आणि मधे दरी पडते. एका वर्षी ती दरी आम्ही दोन उशा आणि एक बॅग घालून बुजवली. तर त्याने फोनवर विचारलं, "गादी... म्हणजे... अखंड आहे का?" पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, मॅडम येणार असतील तर अखंड देतो." नवरा फोन ठेवून बराच वेळ गॅलरीत उभा होता.

बरेच जण हळू आवाजात विचारतात ते ओळखपत्राचं. दोघांचीही ओळखपत्रं लागतात, वेगवेगळी. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहू नये असा कायदा नाही. पण हॉटेलवाले आपापले नियम करतात, मुंबईचाच पत्ता असलेल्यांनाही कुठे कुठे नाकारतात. तेव्हा लग्न झालेलं नसेल तर फोनवरच स्पष्ट विचारून घ्या, रात्री दारात उभं राहून नको. आमचं तर झालेलं होतं, तरी अडलं. माझ्या आधारवर माहेरचं नाव आहे. कुलाब्यातल्या एका लॉजवरच्या मुलाने एकदा माझं कार्ड बघितलं, नवऱ्याचं बघितलं, आणि मग माझ्या गळ्याकडे. प्रवासात मी मंगळसूत्र घालत नाही. "काही प्रूफ?" तो म्हणाला. नवरा सुसंस्कृतपणे संतापू लागला. मी मोबाइलमधला फोटो काढला: गॅदरिंगमध्ये मुलगा ससा झालेला, आणि आम्ही दोघं त्याचे कान सरळ करतोय. लॉजवरच्या मुलाने चावी दिली. तेव्हापासून मी विवाह नोंदणीचा दाखला फोनमध्ये ठेवते, जरा रागानेच.

नावं हवीत म्हणून दोन सांगते. मादाम कामा रोडवरचं वायडब्ल्यूसीए, म्हणजे यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनचं गेस्टहाउस: नावामुळे फक्त बायकांचं वाटतं, पण तिथे जोडपी आणि कुटुंबंही राहतात, स्वच्छ असतं, आणि तिथून ओव्हल मैदान आणि गेटवे दोन्ही चालत. देखणं म्हणावं असं ते नाही. आणि मरीन ड्राइव्हवरचं सी ग्रीन: जुन्या आर्ट डेको, म्हणजे १९३०च्या सुमाराच्या शैलीतल्या, इमारतीत, पुढे बाल्कनी आणि तिच्यासमोर समुद्र. ते आमच्या चार हजारांत बसत नाही. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला एकदाच राहिलो, आणि त्या दिवशी कुठेही न फिरता बाल्कनीतच बसलो. भाडं वसूल करण्याची तीच रीत.

कधी जावं? जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी नको, रस्ते बंद असतात आणि खोल्या भरलेल्या. काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांतही नको, तेव्हा हाच भाग तुडुंब असतो.

संध्याकाळी आम्ही ओव्हलच्या कडेने चालतो. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाचे दगडी मनोरे, दुसऱ्या बाजूला १९३०च्या सुमाराच्या गोल बाल्कन्यांच्या इमारती, मधे क्रिकेट. २०१८ मध्ये युनेस्कोने हा अख्खा परिसर जागतिक वारशात घेतला. काळ्या घोड्याला गेलात तर एस्प्लनेड मॅन्शनकडे मान वर करून बघा. हेच जुनं वॉटसन हॉटेल, इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेलं. ७ जुलै १८९६ ला इथेच ल्युमिएर बंधूंची चित्रं भारतात पहिल्यांदा हलताना दिसली. त्याच वर्षी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता, आणि मुंबईच्या कावळ्यांवर त्याने चांगलं लांबलचक लिहून ठेवलंय. इमारत आता जर्जर आहे, २०१९ मध्ये रिकामी केली. कावळे आहेत.

पण माझी आवडती वेळ रविवार सकाळ. आठवडाभर माणसांनी फुगलेला फोर्ट रविवारी रिकामा होतो. बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यांवर मुलं स्टंप लावून खेळत असतात. हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली चपलांचा आवाज घुमतो. आदल्या दिवशी ज्या फुटपाथवर एकामागे एक चालावं लागलं, तिथे दोघांना बरोबरीने चालता येतं. हे बघायला अंधेरीहून कोणी सकाळी सातला येत नाही.

यंदाचा फोन मी परवाच केला. पलीकडे तेच गृहस्थ. "सांगलीचे ना? रस्त्याकडची, अखंड गादी," त्यांनीच म्हटलं. "पण मॅडम, त्या खिडकीची कडी अजून बसत नाही, पाऊस आला तर आत येतो."

मी म्हटलं, येऊ दे.