प्रोजेक्टर दुरुस्तीची नोंद: शटर, थरथर आणि काका

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की यापुढचा टप्पा साऊंड हेडचा, म्हणजे फिल्मवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा. तो सध्या बाजूला ठेवलाय. या ३५ मिमी फिल्म प्रोजेक्टरच्या कामात पहिल्या दिवसापासून ज्यांचा हात होता ते काका गेले. जुन्या नोंदींमधून तुम्ही त्यांना 'काका' म्हणूनच ओळखता, तेव्हा तेच नाव राहू द्या.

वय झालं होतं, आजारपण फार लांबलं नाही. सुरुवात केबिनमध्ये रिळं उलटी गुंडाळणारा पोरगा म्हणून, मग ऑपरेटर, मग थिएटर-थिएटर फिरून मशिनं दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्यांच्याबद्दल लिहायचं तर कामाबद्दलच लिहावं लागेल, कारण आमच्या बोलण्यात दुसरा विषय क्वचितच यायचा.

तर आधी कामाची स्थिती. शटर, म्हणजे प्रकाश अडवणारी फिरती पाती, जुळलं. पडद्यावरच्या अक्षरांमागचे ओघळ पूर्ण गेले. चित्राची बारीक थरथर अजून आहे, पण ती कुठून येते ते सापडलंय. दोन्ही गोष्टी काकांच्या पद्धतीने झाल्या, म्हणून ती पद्धत जरा सविस्तर सांगतो.

काका आले की मशीनला हातच लावायचे नाहीत. मी झाकण उघडून, टॉर्च घेऊन तयार असायचो आणि हे आपले पडद्यासमोर खुर्ची ओढून बसलेले. "अरे, आधी लाव तर खरं. काय दुखतंय ते पडदा सांगेल." पाच-दहा मिनिटं नुसतं बघायचे. कधी डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे. मग उठून एकच ठिकाण दाखवायचे. आपल्यासारख्या हौशी लोकांची सवय नेमकी उलटी: मशीन हाती आलं की सगळं खोलायचं, सगळं पुसायचं, सगळं परत बसवायचं, आणि मग दोष गेला असला तर कशामुळे गेला हे कधीच कळत नाही. त्यांचा यावर राग होता. एका वेळी एकच स्क्रू, आणि तो फिरवला की परत पडदा बघायचा.

शटरचं उदाहरण घ्या. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: ३५ मिमी फिल्म गेटमधून (प्रकाशाच्या वाटेत फिल्म धरणाऱ्या चौकटीतून) सलग वाहत नाही, ती सेकंदाला २४ वेळा थांबते आणि पुढे सरकते. हे काम माल्टीज क्रॉस नावाचं चार खाचांचं चाक करतं. क्रॉसच्या दांड्यावर १६ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे फिल्म ओढणारं दातेरी चाक असतं; क्रॉस पाव फेरी फिरला की चार दात, म्हणजे फिल्मच्या कडेची चार छिद्रं, म्हणजे बरोबर एक फ्रेम पुढे. एका फ्रेमच्या वाट्याला साधारण ४२ मिलिसेकंद येतात, त्यातला पाव भाग, जेमतेम १० मिलिसेकंद, फिल्म सरकण्यात जातो. तेवढा वेळ शटरच्या पात्याने प्रकाश अडवायचा. दुसरं पातं फ्रेम स्थिर असतानाच मध्ये एकदा अंधार करतं, म्हणजे पडदा सेकंदाला ४८ वेळा उजळतो आणि लुकलुक डोळ्यांना जाणवत नाही.

आता पातं थोडं पुढे-मागे झालं तर? काळ्यावर पांढरी श्रेयनामावली लावली की लगेच दिसतं. अक्षरांना पांढरे ओघळ फुटतात. ते वरच्या बाजूला की खालच्या, हे बघायला काकांनी शिकवलं आणि कारणही समजावलं. गेटमध्ये चित्र उलटं असतं. फिल्म खाली सरकते तेव्हा पडद्यावरचं चित्र वर सरकतं. पातं उशिरा आलं तर फिल्म निघाली तरी प्रकाश चालूच राहतो, आणि ओघळ अक्षरांच्या वर चढतो. पातं वेळेआधी बाजूला झालं तर फ्रेम अजून जागेवर पोचायची असते, आणि ओघळ अक्षरांच्या खाली लोंबतो. म्हणजे वर ओघळ असेल तर शटर मागे पडलंय, खाली असेल तर पुढे धावतंय. दोन्हीकडे असेल तर पातंच अरुंद आहे, नाहीतर शटरच्या गिअरमध्ये खेळ आहे.

आमच्या मशीनचा ओघळ वर होता, श्रेयनामावलीच्या सगळ्या पाट्यांवर सारखा. आधी फिल्म न लावता ढोबळ जुळवणी केली. मोटर बंद, हाताच्या नॉबने मशीन सावकाश फिरवायचं, फिरत्या स्प्रॉकेटचे चारपैकी दोन दात पुढे गेले की थांबायचं. त्या क्षणी पात्याचा मध्य बरोबर प्रकाशाच्या वाटेत हवा. आमचा बोटभर मागे होता. तिथे आणून घट्ट केलं, मग फिल्म लावून केसाएवढी दुरुस्ती, आणि शेवटी अगदी पांढऱ्याशुभ्र अक्षरांच्या पाटीवरही अक्षरं कोरल्यासारखी उभी राहिली. सगळ्या कामात गिअरबॉक्स उघडावा लागला नाही.

थरथरीचं प्रकरण जास्त रंजक आहे. चित्र किंचित वरखाली हलतं. आपण लगेच गेटच्या स्प्रिंगवर संशय घेतो. काकांची पहिली चाचणी वेगळी: पडद्याभोवतीची काळी झालर काढायची आणि चित्राची कड उघडी पाडायची. ही कड फिल्मवर नसते, ती गेटमधल्या धातूच्या खिडकीची असते. कड आणि चित्र दोन्ही एकत्र हलत असतील तर मशीन हलतंय, लेन्स सैल आहे किंवा खालचा चौथरा डळमळतोय. फिल्मच्या वाटेला दोष देऊ नका. कड स्थिर आणि आतलं चित्र हलतंय, तर मग फिल्म नीट थांबत नाही. एवढ्या साध्या निरीक्षणाने अर्धं मशीन संशयातून सुटतं. हे मी कुठल्या मॅन्युअलमध्ये इतक्या स्पष्ट शब्दांत वाचलेलं नाही.

आमची कड खिळल्यासारखी स्थिर होती. चित्र हलत होतं.

पुढची पायरी ताल ओळखण्याची. हलणं अनियमित असेल, मध्येच एखादा धक्का, तर गेटचा दाब कमी आहे किंवा गेटच्या पट्ट्यांवर इमल्शनची (फिल्मवरच्या चित्राच्या थराची) खपली साचली आहे. (ती खरवडायला पितळेची किंवा लाकडाची पट्टी; स्टीलचं काही गेटजवळ आणलेलं काकांना खपायचं नाही.) ठरावीक रिळावरच हलत असेल तर फिल्म आकसलेली आहे, मशीन निर्दोष. आणि थरथर अगदी तालात असेल तर मोजायची. १६ दातांचं स्प्रॉकेट चार फ्रेमला एक पूर्ण फेरी घेतं, सेकंदाला सहा फेऱ्या. स्प्रॉकेट किंचित जरी मध्याबाहेर असेल तर चित्र सेकंदाला सहाच्या तालात हलतं. काका हा ताल गुडघ्यावर बोटांनी धरायचे. मला ते डोळ्यांनी जमत नाही, म्हणून मोबाइलवर पडदा चित्रित करून फ्रेमफ्रेम बघितला. दर चौथ्या फ्रेमला चित्र त्याच जागी परत येतं. म्हणजे स्प्रॉकेट किंवा त्याचा दांडा.

किती बारीक दोषाबद्दल बोलतोय तेही सांगतो. गेटमधल्या फ्रेमची उंची १५ मिमीच्या आसपास, माझ्या पडद्यावरचं चित्र दीड मीटर उंच. म्हणजे शंभर पट. गेटमध्ये दोन शतांश मिलिमीटर हललं की पडद्यावर दोन मिलिमीटर हलतं, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाला ते दिसतं. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं माप) लावून दांडा तपासला, तो सरळ आहे. स्प्रॉकेट मात्र वाकडं फिरतंय, शिवाय दातांची एक बाजू झिजून आकड्यासारखी झालीय.

हे सगळं काका गेल्यानंतरचं. शेवटच्या भेटीत ते एवढंच म्हणाले होते, "गेटला हात लावू नकोस, गेट बरं आहे." तेव्हा मला ते पटलं नव्हतं, कारण माझा सगळा संशय गेटवरच होता.

त्यांच्याविषयी एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. जुना मेकॅनिक म्हटला की लोकांना वाटतं हा डिजिटलला शिव्या घालणार. काका अजिबात घालत नव्हते. डिजिटलचं चित्र हलत नाही, शेवटच्या खेळालाही त्यावर ओरखडा नसतो, याचं त्यांना मनापासून कौतुक होतं. आयुष्यभर ज्या थरथरीशी झगडले ती एका झटक्यात संपली, मग तक्रार कसली, असं म्हणायचे. कार्बनच्या दिव्यांबद्दल तर त्यांना काडीचंही प्रेम नव्हतं. ज्यांच्यामध्ये ठिणगी जळते त्या कार्बनच्या दोन कांड्यांमधलं अंतर सतत सांभाळायचं, धन कांडी लवकर जळते म्हणून तिच्यावर डोळा ठेवायचा, जरा दुर्लक्ष झालं की पडद्याचा रंग बदलतो, आणि छातीत धूर. झेनॉन वायूचा दिवा आला तेव्हा आपण सुटलो असं त्यांना वाटलं. फक्त झेनॉनचा बल्ब बदलताना तोंडावर जाळी आणि हातात जाड मोजे नसलेला माणूस दिसला की ते केबिनमधून बाहेर निघून जायचे. तो बल्ब थंड असतानाही आतल्या वायूचा दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. फुटला तर काचेचे तुकडे गोळीसारखे येतात.

चेंजओव्हरबद्दल, म्हणजे एक रीळ संपताना दुसऱ्या मशीनवर जाण्याबद्दल, मात्र ते हळवे व्हायचे. दोन मशिनं, २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांचं. चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, सात-एक सेकंदांनी दुसरा ठिपका, की झडप बदल. ठिपका चार फ्रेम टिकतो, सेकंदाचा सहावा भाग. प्रेक्षकाला काही कळलं नाही तर काम चोख. ज्या ऑपरेटरांना हे जमत नसे ते फिल्मवर आपापल्या खुणा ओरबाडून ठेवायचे, आणि प्रिंट फिरत फिरत काकांकडे येईपर्यंत कोपऱ्यात फुल्यांची जत्रा भरलेली असायची. असं रीळ हाती आलं की त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलू नये.

आता पुढचं काम. स्प्रॉकेट दांड्यावर निमुळत्या पिनांनी बसवलंय. पिन नेहमी बारीक टोकाकडून ठोकायची, आणि ठोकताना दांड्याखाली खाचेचा आधार हवा, नाहीतर आत्ता सरळ असलेला दांडा वाकेल आणि मग क्रॉसचा सगळा संचच गेला. काही मशिनांवर हे स्प्रॉकेट उलटं करून बसवता येतं, म्हणजे दातांची न झिजलेली बाजू कामाला येते. आमच्यावर येईल असं मापांवरून दिसतंय, पण त्याने झीज सुटेल, वाकडेपणा सुटेलच असं नाही. म्हणून नवं स्प्रॉकेट मिळालं तर तेच बसवणार. क्रॉसच्या पेटीतलं तेल काढून पांढऱ्या कागदावर टाकलं होतं, त्यात धातूची चमक नाही, म्हणजे क्रॉस आणि त्याला फिरवणारी पिन शाबूत असावेत. ती पेटी मी उघडणार नाही.

त्यानंतर साऊंड हेड. एक्सायटर दिव्याच्या (ध्वनिपट्टीवर प्रकाश टाकणाऱ्या दिव्याच्या) जागी लाल एलईडी आधीच बसवलाय. आता प्रकाशाची रेघ ध्वनिपट्टीवर आडवी नेमकी बसवायची. त्यासाठी बझ ट्रॅक, म्हणजे जुळवणीची चाचणी फिल्म लागेल: रेघ एका बाजूला सरकली तर ३०० हर्ट्झचा सूर, दुसऱ्या बाजूला सरकली तर १००० हर्ट्झचा, आणि दोन्ही गप्प झाले की जागा बरोबर. गेटखालचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, किती ठेवायचा तेही तेव्हाच ठरेल, कारण आवाज चित्राच्या साधारण २० फ्रेम पुढे छापलेला असतो आणि लूप लहानमोठा झाला की ओठ आणि शब्द यांची फारकत होते.

काकांकडची बझ ट्रॅकची पट्टी मला मिळाली होती, पण ॲसिटेटची असल्याने ती आकसलीय आणि डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. ती मशीनवर चढवणार नाही. कुणाकडे पॉलिएस्टरवरची चांगली पट्टी असेल तर थोड्या दिवसांसाठी हवी आहे, आणि १६ दातांचं न झिजलेलं स्प्रॉकेट कुणी विकत असेल तर आधी दांड्याच्या भोकाचं माप कळवा.