बायकोपेक्षा दहा कमी

मी स्कूबा डायव्हिंग शिकवते, आणि हे जोडपं माझ्याकडे शिकायला आलं होतं. तिसऱ्या डाइव्हचं अठ्ठाविसावं मिनिट, खोली १२ मीटर. मी दोन बोटं तळहातावर टेकवली, म्हणजे 'हवा किती?' बायकोने गेज, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारी तबकडी, पाहून खूण केली, १२० बार. नवऱ्याने गेज डोळ्यांसमोर धरलं, थोडं लांब नेलं आणि शांतपणे ११० दाखवले. एरवी मी मान डोलावून पुढे गेले असते. त्यांच्या टाकीचा पट्टा सैल वाटला म्हणून जवळ गेले, तेव्हा गेज माझ्या हातात आलं. काटा ६० वर होता.

साठ म्हणजे किती, ते सांगते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार भरले की हवा होते २४०० लिटर. धिप्पाड नवशिका माणूस वर मिनिटाला साधारण २५ लिटर ओढतो. १२ मीटरवर दाब २.२ पट असतो, म्हणून तिथे तोच माणूस ५५ लिटर ओढतो. मिनिटाला साडेचार बार. साठ बार तेरा मिनिटं पुरतात, पण शेवटचे ५० राखीव असतात, त्यांना हात लावायचा नसतो. ते सोडले तर उरतात दोन मिनिटं. १०० ला परत फिरायचं असं होडीवर ठरलं होतं. ते मागेच येऊन गेलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

वर येण्यात काही नाट्य नाही. अंगठ्याने 'वर', मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. तेवढा वेळ त्यांचं गेज मी माझ्याच मुठीत ठेवलं. होडीवर आलो तेव्हा ४० उरले होते.

"सर, गेज काय दाखवतंय?" मी विचारलं. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि म्हणाले, "चाळीस." मग एकदम गप्प झाले.

बायकोच्या लक्षात आधी आलं. "अहो, चष्म्याशिवाय तुम्हाला मोबाइलवरचं वाचता येत नाही. खाली काय वाचत होतात?"

"हिचा आकडा बघायचो. मला हवा थोडी जास्त लागत असेल म्हणून दहा कमी सांगायचो."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण बाकी सगळ्यात हा माणूस माझ्या पंचविशीतल्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगला होता. कान दुखायची वाट न पाहता दर अर्ध्या मीटरला नाक दाबून दाब सारखा करायचा. मास्कमध्ये पाणी भरलं तर घाई न करता काढायचा. कमरेला किती वजन बांधायचं, ती तपासणी त्याने स्वतःहून मागितली होती: बीसीडी, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट, रिकामं करून, नेहमीचा श्वास धरून, पाणी डोळ्यांच्या रेषेत येतं का ते पाहायचं. टाकी भरलेली असेल तर वर साधारण दोन किलो जादा, कारण हवा संपत जाते तशी टाकी हलकी होते. जवान पोरं हे कधी विचारत नाहीत, 'द्या पाच-सहा किलो' म्हणतात आणि मग तळाला घासत जातात.

डाइव्हिंगआधीचा तब्येतीचा फॉर्मसुद्धा त्यांनी खरा भरला होता. पंचेचाळिशीनंतर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, घरात कुणी हृदयविकाराने लवकर गेलंय का हे विचारतात, आणि एकाला जरी 'हो' म्हटलं तरी डॉक्टरांची सही लागते. ते बरोबरच आहे. पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावरचा भार वाढतो, आणि रक्तदाब असलेल्या पन्नाशीतल्या माणसाला फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका खरा असतो. डोळ्यांबद्दल तोच फॉर्म विचारतो की गेल्या तीन महिन्यांत ऑपरेशन झालंय का. वाचायला चष्मा लागतो का, हे विचारत नाही. चाळिशीचा चष्मा हा आजार नाही, म्हणून तो कुठल्याच चौकटीत बसत नाही. मास्कमध्येही बसत नाही, काड्यांमुळे कडेने पाणी येतं.

खाली जे होतं ते चष्मेवाल्यांनाही ठाऊक नसतं. पाण्यात सगळं मोठं दिसतं हे सगळे सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मग वाचता येईलच. मोठं दिसतं ते जवळ आल्यासारखं दिसतं म्हणून. मास्कच्या काचेपासून ४५ सेंटिमीटरवर धरलेलं गेज डोळ्याला ३४ सेंटिमीटरवर असल्यासारखं वाटतं. चाळिशी लागलेल्या डोळ्याला जवळचंच जमत नाही, म्हणून आकडा मोठा आणि पुसट, दोन्ही एकदम. लांब धरावं तर हाताला मर्यादा. त्यात गेजवरचा धोक्याचा पट्टा लाल. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. १२ मीटरवर तो करड्या-तपकिरी डागासारखा दिसतो. पाण्याखाली वाचायच्या उपकरणावर इशारा लाल रंगात छापण्याची अक्कल कुणाची, हा प्रश्न मला अनेक वर्षं पडलेला आहे.

मनगटावरच्या कॉम्प्युटरवरची खोली त्यांना दिसत होती, तो आकडा मोठा असतो. म्हणून ते खोलीत कधी चुकले नाहीत आणि मला शंका आली नाही. बायकोला दूरचा उणे दोन नंबर. ती चष्मा न लावता उतरायची, मासे धूसर, गेज लख्ख. दोघांपैकी डोळ्यांची काळजी मी तिचीच केली होती.

उपाय अगदी क्षुल्लक आहे, त्याचंच जास्त वाईट वाटतं. मऊ प्लास्टिकचे चंद्रकोरीसारखे छोटे भिंगाचे तुकडे मिळतात, ते मास्कच्या आतून चिकटवायचे. गोंद नाही, नुसतं पाणी. नंबर घरच्या वाचायच्या चष्म्याचा, किंवा त्याहून अर्धा जास्त, कारण पाणी गेजला जवळ आणतं ते भरून निघतं. दोन काचांचा मास्क असेल तर डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक पुरतो, गेजची नळी डाव्या बगलेखालून येते म्हणून. नव्या मास्कच्या काचेवर तेलकट थर असतो, तो टूथपेस्टने घासायचा, पण भिंग लावायच्या आधी. लावताना खालचा बुडबुडा अंगठ्याने कडेकडे ढकलून काढायचा आणि रात्रभर वाळू द्यायचं. मग धुकं धरू नये म्हणून थुंकी चोळताना त्या कोपऱ्याला बोट लावायचं नाही. निघतात ते तिथूनच. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात. कडक नकोत, त्यांच्याखाली बुडबुडे अडकतात.

माझ्याबरोबरचा तरुण इन्स्ट्रक्टर म्हणाला, "खोटं बोलले की हो!" त्याचे डोळे सव्वीस वर्षांचे आहेत. चोपन्नाव्या वर्षी, बायकोसमोर, आपल्या निम्म्या वयाच्या मुलाला 'मला दिसत नाही' म्हणायला काय लागतं, ते त्याला सांगून कळणार नाही. आता पहिल्या दिवशी मी तलावात गुडघाभर पाण्यातच मास्क घालून तोंड बुडवायला लावते आणि गेज वाचायला सांगते. गेजवर किती आहे ते मला आधी ठाऊक असतं. आणि खाली जोडीला कधी एकत्र विचारत नाही, दुसऱ्याची पाठ असताना विचारते.

ते दोघं दुसऱ्या दिवशी चौथ्या डाइव्हला आले. भिंग लावलेलं होतं. मी विचारायच्या आत त्यांनी गेज माझ्यापुढे केलं आणि बोटांनी आकडा दाखवला, बरोबर.

त्या आधीच्या संध्याकाळी सामान धुताना पाण्याखाली लिहायची माझी स्लेट हाताला लागली. पेन्सिलीने लिहिलेलं पुसलं नव्हतं. दुसरा डाइव्ह, बायको-नवरा: १९०-१८०, १७०-१६०, १५०-१४०. त्याच्या खाली पाच मिनिटांनंतर होडीवरचे, म्हणजे चष्मा लावून वाचलेले: १४०-९०. पाच मिनिटांत तिचे दहा आणि त्यांचे पन्नास. अक्षर माझंच होतं.