आईचे डबे

आज आईच्या घरचा माळा आवरला. तेलाचे 15 किलोचे तीन डबे निघाले, वरचा पत्रा कापून, झाकण-कडी बसवून घेतलेले. एकात अजून कडुलिंबाचा वाळका पाला होता. वर्षाचे गहू यातच राहायचे, पाल्याचे थर देऊन, आणि किडा लागलेला मला तरी आठवत नाही. डालड्याच्या पिवळ्या डब्यात तुळस होती, तळाला खिळ्याने पाडलेली भोकं अजून तशीच.

घरी आल्यावर मीही जॅमच्या चार बाटल्या काढल्या. कोमट पाण्यात तासभर बुडवल्या, उरलेल्या चिकटावर खोबरेल चोळलं, लेबल साफ निघालं. झाकणाला लोणच्याचा वास धरतो, त्याला बेसन लावून घासलं आणि दिवसभर कडक उन्हात ठेवलं. काचेला ऊन मानवतं. प्लास्टिकच्या बरण्यांत मात्र मी गरम किंवा तेलकट काही भरत नाही.

मेतकूट, तीळ, ओवा, जवस भरून झालं. मांडणीवर ओळीने लावल्या तेव्हा फार समाधान वाटलं. नवीन डब्यांचा सेट घ्यायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. तेलाचा एक डबा मात्र मी आईकडून मागून आणलाय. यंदाचे गहू त्यात.