तीन अंगठे

बालगृहाच्या दारातून आत गेलं की डाव्या हाताला टेबलावर एक लांबट वही असते. भेट नोंदवही. तारीख, बालकाचं नाव, भेटीस आलेल्याचं नाव, नातं, सही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करताना अशा कितीतरी वह्या मी चाळल्या. त्यातल्या एका वहीत एका मुलाच्या नावापुढे तीन अंगठे आहेत. २०२२, २०२३, २०२४. तिन्ही त्याच्या आजीचे, वैशाखातले, जांभळ्या शाईचे. या तीन अंगठ्यांनी दोन लेकरांची वाट अडवली असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता तसं म्हणवत नाही, म्हणून लिहायला बसले.

मुलांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. म्हणून मुलाला दादा म्हणते, त्याच्या बहिणीला छकुली. काही खुणाही बदलल्या आहेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये ही दोघं आमच्या जिल्ह्यात एका साखर कारखान्याजवळच्या कोपीवरून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवरून आली. दादा चार वर्षांचा, छकुली एक वर्षाची. आईबाप बीडहून ऊसतोडीला आलेले, कोयता म्हणून, म्हणजे नवराबायकोची जोडी. आई हंगामातच दगावली. बापाला आगाऊ घेतलेली उचल फेडायची होती, उसाच्या फडात लेकरं सांभाळायला कुणी नव्हतं. मजुरांची टोळी आणणारा मुकादम आणि पोलिसांनी मुलं बाल कल्याण समितीपुढे आणली आणि बापाने तिथे सांगितलं, "हंगाम संपला की नेतो." आदेशात तसंच उतरलं: वडील हंगाम संपल्यावर ताबा घेणार असल्याने तात्पुरता प्रवेश. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. बाप आला नाही, पुढेही कधी आला नाही. 'तात्पुरता' हा शब्द मात्र फाईलवर तसाच राहिला.

लोक मला लग्नाकार्यात हमखास विचारतात, "संस्थांमध्ये एवढी मुलं आहेत आणि दत्तक घ्यायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे कसं?" माझी मावसबहीण तर चिडून विचारते, ती स्वतः यादीत आहे. त्याचं उत्तर असं की संस्थेत असलेलं मूल आणि दत्तक जाऊ शकणारं मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीने दत्तकासाठी मुक्त घोषित केल्याशिवाय मूल 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर दिसतच नाही. दोन वर्षांपर्यंतच्या सोडून दिलेल्या बाळासाठी कायद्याने २ महिने दिलेत, त्याहून मोठ्यासाठी ४. तेवढ्यात वृत्तपत्रात फोटोसह जाहिरात, पोलिसांचा 'पालक मिळून येत नाहीत' असा अहवाल, आमची सामाजिक चौकशी, हे सगळं व्हायचं असतं. पण ते सुरू व्हायला मूल 'सोडून दिलेलं' आहे असं आधी कुणीतरी म्हणावं लागतं. बाप हयात आहे, नेतो म्हणाला आहे, आजी येते आहे. अशा मुलाला सोडून दिलेलं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. संस्थांमधली कितीतरी मुलं या मधल्या फटीत अडकलेली आहेत. २०२४-२५ या वर्षात सबंध देशात ४,५१५ दत्तकविधानं झाली. एवढ्या मोठ्या देशात एवढीच.

आणि आता माझा स्वतःचा भाग. दर तीन महिन्यांच्या पाठपुरावा अहवालात कुटुंबाशी संपर्काचा रकाना असतो. त्यात मी सलग लिहिलं आहे: 'आजी भेटीस येते. कौटुंबिक संबंध टिकून आहेत.' माझं अक्षर, माझी सही. वर्षातून एकदा, तासाभरासाठी येणारं माणूस आणि टिकून असलेले संबंध यांतला फरक मला कळत नव्हता असं नाही. पण ते एक वाक्य लिहिलं की कागद पूर्ण होत होता आणि त्या आठवड्यात असे चाळीस कागद पूर्ण करायचे असत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर दोन महिन्यांनी प्रत्येक संस्थेतली अनाथ, सोडून दिलेली, समर्पित (आईबापांनी समितीपुढे ताबा सोडलेली) मुलं शोधा असा आदेश दिला. त्या मोहिमेत ज्यांना कुणी भेटायला येत नाही आणि ज्यांचे पालक सांभाळायला असमर्थ आहेत, अशीही मुलं मोजायची होती. तेव्हा कुठे मी त्या वह्या नीट उघडल्या. आणखी एक गोष्ट दिसली. भावंडं सहा वर्षांपर्यंत शिशुगृहात एकत्र असतात. त्यानंतर मुलगा मुलांच्या बालगृहात जातो. दादा २०२२ मध्येच गेला होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. शिशुगृहाच्या वहीत आजीचा अंगठा फक्त एकदा होता. बाकी दोन वेळा दादाला भेटेपर्यंत तिच्या परतीच्या एसटीची वेळ होत असणार. म्हणजे छकुलीला ती चार वर्षांत एकदाच भेटली होती, आणि तरी दोघांच्याही फाईलवर 'आजी येते' हेच होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी गृहचौकशीला गेले. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात, त्याच्या आत गाठायचं होतं. करमाळा, जामखेड, पाटोदा आणि तिथून पुढे शिरूर कासार तालुका. गाडी मिळाली नव्हती, एसटीनेच गेले. गृहचौकशीत काय पाहायचं हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात: घर कच्चं की पक्कं, उत्पन्न किती, माणसं किती. मी त्याआधी चूल पाहते. चुलीजवळ भांडी किती जणांची आहेत, धान्याचा डबा कितपत भरलेला आहे, रात्री अंथरूण कुणाचं कुठे पडतं. कागदावर जे येत नाही ते तिथे दिसतं. आजीच्या घरात दोन पत्र्याच्या पेट्या आधीच दोरीने बांधून ठेवलेल्या होत्या. घर अर्धं निघालेलं होतं. मुलगा आणि सून यंदाही कोयत्याला जाणार होते, उचल घेऊन झाली होती. त्यांची तीन लहान मुलं सांभाळायला आजी सहा महिने त्यांच्याबरोबर कोपीवर राहणार होती.

तिने मला ओळखलं. "बाई, लेकरं बरी हायत नव्हं?" हा पहिला प्रश्न.

मी बापाचं विचारलं. त्याने दुसरं लग्न केलं, कर्नाटकातल्या टोळीबरोबर गेला, तीन वर्षांत तोंड दाखवलं नाही. चुलत्याने तर दारातूनच हात हलवला. मग मी आजीला बालसंगोपन योजनेचं सांगितलं. मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, दोघांचे साडेचार हजार. मुलं तुमच्याजवळ राहतील. हे सांगणं माझं कर्तव्यच आहे. रक्ताच्या माणसाजवळ मूल राहत असेल तर पहिला हक्क तोच.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पैशाचं न्हाई माय. सा म्हैने म्या फडात. तिथं त्यांची आई गेली. त्याच कोपीत पुन्यांदा नेऊन घालू का त्यांला? दादा साळंत जातुया. वाचून दावतो मला."

"मग आजी, तुम्ही वर्षाला येता ते..."

"तुमीच म्हनला व्हता ना, भेटीला येत जा म्हून. न्हाई आलं तर लेकरं दुसऱ्यांला देऊन टाकत्यात, आसं गावात म्हनत्यात. इकत्यात बी म्हनं. म्हून येते. आता बाईमानसाला आर्धं तिकीट हाय, तर जमतंय."

मी दत्तक म्हणजे काय ते समजावलं. विकणं नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने होतं, घर तपासतात, नंतर दोन वर्षं आमची माणसं जाऊन पाहतात. भावंडं एकत्रच देतात. मुलाला विचारतात, पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते. ती ऐकत होती, शेळीच्या गळ्यातली दोरी बोटांनी उलगडत. शेवटी तिने विचारलं,

"म्हंजी म्या आले नसते, तर लेकरांला आई भेटली आसती व्हय?"

कामात मला कुणी काहीही विचारलं की माझ्याकडे कलम असतं, नियम असतो. तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हो म्हणावं तर तिची तीन वर्षांची एसटी, तिने बांधून आणलेले शेंगदाणे, सगळंच तिच्या अंगावर उलटवल्यासारखं होतं. नाही म्हणावं तर खोटं. मी म्हटलं, "चूक तुमची नाही, आजी. आमची आहे." ते खरंच होतं, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आणि तिला ते कळलं.

ऑक्टोबरमध्ये टोळी निघायच्या आधी ती समितीपुढे आली आणि जबाब दिला की मी सांभाळू शकत नाही, त्यांना चांगलं घर मिळावं. एक सदस्य तिच्यासमोरच म्हणाले, "रक्ताचं नातं तोडायचं पाप आपण कशाला घ्यायचं?" असं बोलणाऱ्यांचा मला आता राग येतो. नातं आपण तोडत नसतो. मूल मोठं होत जातं आणि घर मिळण्याची शक्यता दर महिन्याला कमी होत जाते, ते मात्र आपण करत असतो.

मग समितीची मुदत संपली. नवी नेमणूक होईपर्यंत कार्यभार शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे गेला. कायद्याप्रमाणे समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसायचं असतं, आमच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस येई. मुक्त घोषित करायला किमान तीन सदस्य हवेत, त्या दिवशी दोनच असत. बापाचा शोध मात्र एका हवालदारांनी मन लावून घेतला. त्यांनी स्वतः मुकादमांना फोन केले, टोळ्यांची नावं काढली, आणि तो मिळत नाही तेव्हाच तसा अहवाल दिला. पोलिसांबद्दल लोक काय काय बोलतात, म्हणून हे आवर्जून लिहिते.

जुलै २०२५ मध्ये आदेश झाला. दादा नऊ वर्षांचा, छकुली सहाची, आणि ती एव्हाना मुलींच्या बालगृहात. एका मुलीसाठी कायद्यात २ महिने लिहिलेत. आम्हाला पाच वर्षं आणि पाच महिने लागले.

त्यानंतर बाल अध्ययन अहवाल, दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना मुलाची ओळख करून देणारा. हे काम मी कुणाला देत नाही. अनेक अहवालांत 'मूल हसतमुख, मनमिळाऊ, आज्ञाधारक' एवढंच असतं, नाव बदललं की कुठल्याही मुलाला चालतं. त्यातून कुणाला मूल दिसणार? दादाच्या अहवालासाठी मी तीन संध्याकाळी त्याच्याजवळ बसले. मी लिहिलं: दिवा मालवला तर झोपत नाही. सकाळी पांघरूण घडी न करता मोळीसारखं आवळून बांधतो, आणि गाठ इतकी पक्की की मावशींना सोडवता येत नाही. भाकरी असेल तर आधी कड खातो, मधला भाग शेवटी. वर्गातल्या लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवतो. बहिणीला भेटायला नेलं की पहिली पाच मिनिटं तिच्याशी बोलत नाही, तिचे बूट नीट बांधतो. वैद्यकीय अहवालात उंची वयाच्या मानाने कमी आणि रक्त कमी असं आलं. दोन्ही सुधारण्यासारखं आहे आणि मी डॉक्टरांना तसं स्पष्ट लिहायला लावलं, कारण यादीतली माणसं 'कमी' हा शब्द वाचून पान उलटतात.

आतापर्यंत एका जोडप्याचा फोन आला. चांगली, शिकलेली माणसं. बाईंनी विचारलं, "फक्त मुलगी मिळेल का? तिचा फोटो फार गोड आहे." मी नाही सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ राग होता, नंतर वाटलं, त्याही किती वर्षं थांबल्या असतील. पण नाही ते नाहीच.

दादाला मी पोर्टलचं सांगितलं तेव्हा त्याने दोनच प्रश्न विचारले. छकुली बरोबर असेल ना, आणि आजीला सांगितलं का.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या फोनवरून आजीचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, माणसं पेट्या चढवत होती. "भेटलं का कुनी, बाई?" मी म्हटलं, अजून नाही. "मंग यंदा वैशाखात म्या येऊ का नगं येऊ?"

अधीक्षक म्हणतात नको, मुलाचं मन मागे ओढलं जाईल. मला वाटतं तिने यावं, आणि या वेळी आधी छकुलीकडे जावं, तिला तिथे नेण्याची जबाबदारी मी घेईन. तसा अर्ज मी समितीकडे दिला आहे. त्यावर अजून काही झालेलं नाही. आजीला मी म्हटलं, विचारून सांगते.