नखाची बुरशी: बेटाडिन कुठपर्यंत पुरलं

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होणं मला नवीन नाही. रात्री पाय धुऊन, कोरडे करून बेटाडिन लावलं की खाज आटोक्यात येते. यंदा अंगठ्याचं नखही कडेनं पिवळं पडून जाड झालं, कापताना भुगा पडू लागला. म्हणून त्यालाही तेच लावत गेले. चिखल्या गेल्या, नख तपकिरी रंगलं तेवढंच. त्या रंगाखाली पिवळेपणा वाढतोय की उतरतोय, तेही दिसेना.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी नखाखालचा भुगा खरवडून तपासायला पाठवला. घट्ट बुटांच्या माराने किंवा सोरायसिसनेही नख अगदी असंच दिसतं, आणि तसं असेल तर बुरशीचं औषध वर्षभर लावून पैसे पाण्यात. माझ्या रिपोर्टात बुरशीच निघाली. बेटाडिन बुरशी मारतं, पण जाड नखातून खाली पोचत नाही, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या काकूंचा ‘डेटॉल तसंच लाव, पाणी घालू नकोस’ हा उपाय त्यांनी हसून उडवला. कातडी भाजेल म्हणाल्या. निम्म्याहून कमी नख बिघडलं होतं, मूळ शाबूत होतं. त्यामुळे टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाच्या गोळ्या टळल्या. त्या पायाच्या नखासाठी साधारण १२ आठवडे घ्याव्या लागतात, यकृतावर लक्ष ठेवून. मला ५ टक्के अमोरोल्फिन मिळालं, नेलपॉलिशसारखं, आठवड्यातून एकदा लावायचं.

औषध लावायला मिनिटभर पुरतं. वेळ जातो तो कानशीत. पाय कोमट पाण्यात ठेवायचे, सुटलेलं नख कापायचं, उरलेलं वरून घासून पातळ करायचं, स्पिरिटनं पुसायचं, आणि पूर्ण वाळल्यावरच औषध. ती कानस चांगल्या नखांना लावायची नाही. नेलकटरही माझा वेगळा. त्यावर चिठ्ठी चिकटवली तेव्हा कुठे घरातल्यांनी तो सोडला. ओले बूट दुसऱ्या दिवशी घालायचे नाहीत, म्हणून दोन जोड आलटूनपालटून.

पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. बिघडलेला भाग सुधारत नाही, मागून चांगलं नख येतं आणि त्याला पुढे ढकलतं. सगळं बदलायला वर्ष-दीड वर्ष. मुळाशी गुलाबी पट्टी दिसेपर्यंत मला हे पटत नव्हतं.

आता सासऱ्यांचंही नख तसंच दिसतंय. बाटलीत औषध आहे, पण त्यांना मधुमेह आहे, पायाला संवेदना कमी. घासताना जखम झाली तरी कळायची नाही. कानस त्यांच्या हाती दिलेली नाही. पाय थेट डॉक्टरांनाच दाखवणार आहोत.